पुस्तकाचा समास

आमच्या कार्यालयात अनुवादकांच्या मेजावर एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. त्याची बांधणी आजवर दोनदा नव्याने झाली. पाने तपकिरी पडली आहेत आणि पहिली काही पाने केव्हाच गळून गेल्यामुळे तो कोणत्या साली छापला गेला हे त्याच्यावरून कळत नाही. परंतु ह्या कोशाचे खरे वैभव त्याच्या छापील मजकुरात नसून समासात आहे. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसून गेलेल्या अनुवादकांनी अडलेल्या शब्दांसाठी सुचलेले प्रतिशब्द तेथे टिपून ठेवले आहेत. कोणाचे अक्षर टपोरे, कोणाचे मुंगीएवढे. एके ठिकाणी तर दोघांचा वाद रंगलेला आहे. एकाने सुचविलेल्या प्रतिशब्दाखाली दुसऱ्याने ‘हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते’ असे लिहिले आहे आणि त्याखाली पहिल्याने ‘सवयीने सुटेल’ असे उत्तर दिले आहे. नोकरीस लागलो तेव्हा ह्या टिपांनी मला जेवढे शिकविले तेवढे दुसऱ्या कशानेही शिकविले नाही.

ह्याच कोशाने एकदा मला तोंडघशी पाडले. ताऱ्यांविषयीच्या एका जुन्या इंग्रजी लेखाचा मी अनुवाद करीत होतो. सूर्य सोडल्यास आपल्याला सर्वांत जवळ असलेला तारा २५ ‘बिलियन’ मैलांवर आहे, असे त्यात म्हटले होते. बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी कोश उघडला. तेथे छापील अर्थ कोणीतरी शाईने पार खोडून टाकला होता, इतका की खालची अक्षरे लागत नव्हती. आणि समासात ठळकपणे लिहिले होते, ‘शंभर कोटी’. माझे समाधान झाले. मी ‘२,५०० कोटी मैल’ असे लिहिले आणि लेख छपाईस गेला.

अंक निघाल्यावर तीन आठवड्यांनी इंदूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. रागाचा एक शब्दही त्यांनी लिहिला नव्हता. फक्त एक भागाकार करून दाखविला होता. प्रकाश एका सेकंदात सुमारे १,८६,००० मैल जातो. तेव्हा २,५०० कोटी मैल जावयास त्याला सदतीस-अडतीस तास पुरतील. आणि त्याच लेखाच्या पुढच्याच परिच्छेदात, ह्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचावयास सव्वाचार वर्षे लागतात, असे मीच लिहिलेले होते! दोहोंपैकी कोणते खरे मानावे, असा त्यांचा नम्र प्रश्न होता.

उलगडा मागाहून झाला. ब्रिटनमधील जुन्या वापरात बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, आपल्या भाषेत एक लाख कोटी. अमेरिकेत तोच शब्द शंभर कोटींसाठी वापरला जात असे. सरकारी आकडेवारीत ह्यापुढे अमेरिकेतल्याप्रमाणेच अर्थ घेतला जाईल, असे ब्रिटिश पंतप्रधानांनी डिसेंबर १९७४ मध्ये पार्लमेंटला कळविले. माझ्यासमोरचा लेख ब्रिटिश लेखकाचा आणि त्या तारखेच्या कितीतरी आधीचा होता. तारा २५ लाख कोटी मैलांवर होता. मी त्याला हजार पटींनी जवळ ओढले होते. म्हणजे कोशातील छापील अर्थ त्याच्या काळापुरता बरोबर होता आणि समासातील टीपही तिच्या काळापुरती बरोबरच होती. परंतु टीप लिहिणाराने मूळ अर्थ वाचताच येऊ नये असा खोडला, आपला अर्थ कोठून घेतला ते सांगितले नाही आणि तारीख घातली नाही. अर्थात त्या टिपेवर डोळे मिटून विसंबणारा मी होतो. तेव्हा सारा दोष त्या अज्ञात पूर्वसूरींच्या पदरी घालून मला मोकळे होता येत नाही.

तेव्हापासून पुस्तकाच्या समासात काय लिहावे, कसे लिहावे आणि मुळात लिहावे की नाही, ह्या प्रश्नांनी माझी पाठ धरली आहे. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न परीक्षेच्या दिवसांत वादाचे रूप घेत असेल, म्हणून त्यासंबंधी थोडे सविस्तर लिहीत आहे.

छापील पुस्तकात समास सोडलेला असतो तो पुस्तक धरताना बोटांना जागा मिळावी, बांधणीत आणि कापणीत अक्षरे जाऊ नयेत म्हणून. परंतु आपल्याकडील पोथ्या लिहिणारांनी ह्या कोऱ्या जागेचा वेगळाच उपयोग पूर्वीपासून केला आहे. नक्कल करताना एखादे अक्षर किंवा शब्द राहून गेला तर ओळीत त्या ठिकाणी कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण करीत. तिला काकपद म्हणत. राहिलेला शब्द समासात लिहीत आणि कित्येकदा शेजारी ओळीचा आकडाही घालीत. चुकीचे अक्षर झाकावयाचे तर हरताळ नावाचे पिवळे खनिज वाटून त्याचा लेप देत. एखाद्या गोष्टीवर हरताळ फासणे हा आपल्या बोलण्यातील प्रयोग तेथून आला. संपाच्या हरताळाशी त्याचा काही संबंध नाही. कठीण शब्दांचे अर्थ, दुसऱ्या प्रतीतील पाठ, वाचकाला सुचलेले स्पष्टीकरण, ह्या सर्वांना जागा तो समासच.

ह्या सोयीत एक धोका दडलेला होता. अशी पोथी पुढच्या नक्कलकारापुढे आली की समासातील मजकुरापैकी मूळ लेखनातून सुटलेले कोणते आणि मधल्या वाचकाचे मनोगत कोणते, हे त्याला ओळखता येतेच असे नसे. तो दोन्ही ओळीत घेई. अशा चार-पाच नकला झाल्या म्हणजे वाचकाची टीप ग्रंथकाराच्या तोंडी जाऊन बसे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशुद्ध पाठ शिरलेले पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ह्यापुढे कोणी आपली ओवी ह्यात घालू नये, अशी विनवणीही करून ठेवली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. त्या सत्तेचाळीस वर्षांतील परिश्रमांचा केवढा तरी भाग, मूळचे कोणते आणि मागाहून आलेले कोणते, हे शेकडो हस्तलिखिते ताडून ठरविण्यात खर्ची पडला. माझ्या ताऱ्याची कथा त्या मानाने फारच किरकोळ म्हणावयाची.

आपल्या घरांतून पुस्तकावर लिहिण्याला विरोध होतो तो मात्र ह्या कारणासाठी नव्हे. पुस्तक म्हणजे सरस्वती. त्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. माझ्या आजीला पानाचा कोपरा दुमडलेलाही खपत नसे, मग पेन्सिलीची गोष्ट दूरच. ह्या श्रद्धेमागे व्यवहारही आहे. एकच पाठ्यपुस्तक तिघा भावंडांना पुरवावयाचे आणि त्यानंतर ते अर्ध्या किमतीत जुन्या पुस्तकांच्या दुकानी द्यावयाचे, ही अनेक घरांतील रीत. गणिताचे पुस्तक धाकट्याच्या हाती येते आणि प्रत्येक उदाहरणाखाली थोरल्याने उत्तर लिहून ठेवलेले असते, तेव्हा धाकट्याचे नुकसान होते हे मान्य केलेच पाहिजे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिणे हा तर सरळ अपराध होय. टीप कितीही विद्वत्तेची असली तरी येथे मला कसलीही सवलत द्यावीशी वाटत नाही. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच प्रकरणात खुनी कोण हे लिहून ठेवणारे महाभाग आपणांसही भेटले असतील. म्हणून पुढील सारे विवेचन स्वतःच्या पुस्तकापुरते समजावे.

आता अभ्यासाकडे वळू. आमच्या शेजारच्या मुलीचे इतिहासाचे पुस्तक मी एकदा सहज चाळले. जवळजवळ प्रत्येक पान हायलायटरने पिवळेधमक झालेले. एका पानावर जेमतेम पाच ओळी कोऱ्या राहिल्या होत्या. ‘ह्या पाच का सोडल्यास?’ असे मी विचारले. ती म्हणाली, ‘काका, त्या मागच्या परीक्षेत येऊन गेल्या.’

हसावयास ठीक आहे. परंतु तिने त्या पुस्तकापाशी घालविलेले तास खरे होते आणि ते बहुतांशी वाया गेले होते. अमेरिकेतील पाच मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींविषयी तोवर झालेले संशोधन एकत्र तपासून २०१३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यात रेघा मारण्याची पद्धत सर्वांत खालच्या प्रतीत पडली. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणेही तिच्याच पंक्तीत. आपली आपणच चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांवर विभागून करणे ह्या दोन पद्धती सर्वांत वरच्या ठरल्या. ‘हे असे का?’ असा प्रश्न विचारणे आणि वाचलेले स्वतःच स्वतःला समजावून सांगणे, ह्यांना मधले स्थान मिळाले.

ह्यावरून रेघ मारूच नये असा अर्थ मी घेत नाही. रेघ ओढताना हात चालतो, पण मन स्वस्थ बसू शकते. समासात चार शब्द लिहावयाचे म्हटले की ते कोणते, हे मनाला ठरवावेच लागते. १८५७ च्या धड्यात कारणांच्या परिच्छेदाखाली सबंध रेघ मारणारा विद्यार्थी आणि त्याच परिच्छेदाशेजारी ‘काडतुसे हे कारण की निमित्त?’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी, ह्यांच्या वाचनात फरक आहे. दुसऱ्याला आणखी एक लाभ होतो. आठ दिवसांनी तो छापील मजकूर पोस्टकार्डाने झाकून केवळ समासातील प्रश्न वाचू शकतो आणि उत्तर येते की नाही ते पाहू शकतो. त्याची चाचणी त्याने आधीच तयार करून ठेवलेली असते. माझ्या शेजारच्या मुलीला मी एवढेच सुचविले की रंग पेटीत ठेव आणि प्रत्येक पानाला एक प्रश्न लिही, एकच. पहिल्या दिवशी तिने तीन पानांतच कंटाळून पुस्तक मिटले, कारण प्रश्न काढावयाचा तर पान समजावे लागते. आता धड्यामागून धडा तसाच चालला आहे; हायलायटर अधूनमधून बाहेर येतो, नाही असे नाही.

ह्या बाबतीत चार्ल्स डार्विन ह्यांची रीत पाहण्याजोगी आहे. त्यांच्या मुलाने लिहिलेल्या आठवणींवरून असे दिसते की पुस्तक हे त्यांच्या लेखी कामाचे हत्यार होते; जड ग्रंथ हातात धरवेनासा झाला तर ते तो मधोमध फाडून त्याचे दोन भाग करीत. (हे मात्र आपण करू नये, असे मी माझ्या आजीच्या वतीने सांगतो.) वाचताना ते समासात पेन्सिलीने खुणा करीत, शेवटच्या कोऱ्या पानावर खुणांच्या पानांचे आकडे लिहीत, आणि मग त्या यादीच्या आधारे पुन्हा एकदा पुस्तकातून फिरून गोषवारा काढून तो विषयवार ठेवीत. त्यांच्या संग्रहातील १४८० ग्रंथांपैकी ७३० ग्रंथांच्या समासांत त्यांच्या विपुल टिपा आहेत. शेवटच्या पानावरील यादी ही युक्ती मी त्यांच्यापासून उचलली. सहाशे पानांच्या पुस्तकात आपली टीप कोठे आहे हे आठवले नाही, तर ती लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखेच.

परंतु नुसत्या रेघेला कमी लेखताना मला एक अपवाद नेहमी आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी दादरचे राजगृह ग्रंथांना पुरेशी जागा हवी म्हणून बांधले, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यांनी वाचलेल्या ज्या प्रती आज ग्रंथालयांत जतन केलेल्या आहेत, त्यांत लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा आढळतात. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई ह्यांच्या ग्रंथांवरील अशा खुणांचा माग स्कॉट स्ट्राउड ह्या अमेरिकन अभ्यासकाने काढला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्या विचारांचे पुढे आंबेडकरांच्या लेखनात काय झाले ते दाखविले. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ह्या निबंधात आंबेडकरांनी ड्यूईंचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केलेला आहे. रेघ तेथेही रेघच आहे. परंतु तिच्यामागून लेखणी आली. ज्यांच्या रेघेमागून लेखणी येते त्यांना माझे वरील सारे सांगणे लागू नाही.

तारखेचा मुद्दा मी वर काढला त्याला एक मोठाच दाखला आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच न्यायाधीश व गणिती पिएर द फर्मा ह्यांच्यापाशी डायोफँटस ह्या प्राचीन गणितज्ञाच्या ग्रंथाची १६२१ सालची छापील प्रत होती. तिच्या समासात त्यांनी लिहून ठेवले की वर्गाच्या वरील कोणत्याही घाताची पूर्ण संख्या त्याच घाताच्या दोन संख्यांच्या बेरजेच्या रूपाने मांडता येत नाही. ह्याची सुंदर सिद्धता आपल्याला सापडली आहे, परंतु ती मावेल एवढा हा समास रुंद नाही. फर्मा वारले. ती प्रत आज उपलब्ध नाही. मुलाने १६७० मध्ये वडिलांच्या टिपांसह तो ग्रंथ पुन्हा छापला म्हणून ही टीप जगाला कळली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गणिती तिच्यामागे लागले. अँड्र्यू वाइल्स ह्यांनी १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली, तीत एक खिंडार निघाले, ते १९९४ मध्ये बुजविले गेले आणि १९९५ मध्ये ती छापून आली. वाइल्स ह्यांनी वापरलेले गणित फर्मांच्या काळी जन्मालाच आलेले नव्हते. मग फर्मांना खरोखर काय सापडले होते? टीप १६३७ च्या सुमाराची असावी असा अंदाज करतात, कारण फर्मांनी तारीख घातली नव्हती. ती तरुणपणी उत्साहात लिहिली आणि नंतर चूक उमगली, की अखेरपर्यंत त्यांचा तोच विश्वास होता, हे तारखेवरून कदाचित कळले असते. आणि मजकूर समासात मावत नसेल तर कागदाचा एक चिटोरा पानात ठेवावा, एवढे तरी आपण ह्यावरून शिकावयास हरकत नाही.

केवळ आनंदासाठी वाचताना इतका काटेकोरपणा नको. चार्ल्स लँब ह्यांनी १८२० च्या एका निबंधात पुस्तके उसनी नेणारांची थट्टा केली आहे; परंतु आपला मित्र कोलरिज मात्र पुस्तक व्याजासह परत करतो, कारण त्याच्या टिपांनी त्याचे मोल वाढलेले असते, असे ते म्हणतात. ह्या कोलरिजच्या समासटिपा पुढे सहा जाड खंडांत छापल्या गेल्या. आपण कोलरिज नसलो तरी कादंबरीतील एखाद्या पात्रावर रागावून समासात दोन शब्द लिहिले, तर वीस वर्षांनी तेच पुस्तक उघडताना पूर्वीचे आपण तेथे भेटतो, आणि ही भेट नेहमीच आपली प्रतिष्ठा वाढविणारी असते असे नाही. एका नावाजलेल्या कादंबरीच्या माझ्या प्रतीत मी महाविद्यालयात असताना ‘भिकार!’ असे लिहिलेले आहे. आता ती माझी आवडती कादंबरी आहे. तो शब्द मी पुसलेला नाही.

टिपांनी सर्वांत अधिक भरलेले पुस्तक आमच्या घरात कोणते म्हणाल तर १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ची आईची प्रत. वाटी-चमच्याचे प्रमाण पुस्तकात दिलेलेच आहे. आईने शेजारी आपले लिहिले आहे. ‘गूळ पाऊण वाटी पुरे.’ ‘धाकट्याच्या मुंजीत चौपट केले, मीठ कमी पडले.’ ‘बडोद्याच्या पाण्यात डाळ शिजावयास वेळ लागतो.’ आई तारीख घालीत नाही, प्रसंग घालते. आणि छापील ओळीवर तिने कोठेही काट मारलेली नाही. मी हे सारे एवढ्या विस्ताराने सांगतो आहे, ते ह्या बाईने कोणताही लेख न वाचता पहिल्यापासून केले होते.

लिहावयास साधी शिसपेन्सिल घ्यावी. तिचे शिसे म्हणजे शिसे नव्हे, ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. ते उन्हाने उडत नाही, ओलीने पसरत नाही आणि चुकले तर पुसता येते. फार कठीण पेन्सिल कागदावर चरे पाडते, म्हणून एचबी किंवा त्याहून जरा मऊ बरी. बॉलपेनची तेलकट शाई काही वर्षांनी पातळ कागदाच्या पाठीमागे उमटते. हायलायटरचा रंग तर उडून जातो. जी मंडळी आता पडद्यावर वाचतात त्यांना तारखेची काळजी फारशी नाही; पुष्कळशी यंत्रे टिपेबरोबर दिवस-वेळ आपोआप नोंदवितात. तेवढ्यापुरता मला त्यांचा हेवा वाटतो.

कोशातील ‘बिलियन’ शब्दापाशी मी पेन्सिलीने लिहून ठेवले: ‘१९७४ पूर्वीच्या ब्रिटिश लेखनात एक लाख कोटी, लेखाचे साल पाहावे.’ त्याखाली तारीख घातली आणि इंदूरच्या शिक्षकांचे पोस्टकार्ड त्याच पानात ठेवले. मागच्या महिन्यात ते पान पुन्हा उघडले तो माझ्या टिपेखाली आमच्या नव्या सहकारी बाईंच्या बारीक अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली: ‘फ्रेंच व जर्मन भाषांत अजूनही तोच अर्थ.’ तारीखही होती.